झाकिर हुसैन, वर्धा आणि बाकावर न बसणारी मुले

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात एक शिक्षण परिषद भरली. मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेचा रौप्यमहोत्सव हे तिचे निमित्त होते आणि अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. सरकार आपले आले, पण शाळा कशी असावी, हा प्रश्न होता. गांधीजींनी आपली कल्पना मांडली. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे आणि मुलांच्या हातांनी बनलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा.

सभेत मान्यवरांची कमतरता नव्हती, पण मोकळेपणाने मतभेद मांडणाऱ्यांत दिल्लीहून आलेला एक चाळीस वर्षांचा प्राध्यापक उठून दिसला. त्याने सांगितले की, कामातून शिकण्याची कल्पना शिक्षणाच्या जगात अगदीच नवी नाही. अमेरिकेत आणि रशियातही तिचे प्रयोग झाले आहेत. दुसरा मुद्दा जास्त बोचरा होता. शाळेने स्वतःचा खर्च काढावा यावर भर दिला, तर शिक्षक मुलांकडून मजुरी करून घेणारा मुकादम होईल.

त्या प्राध्यापकाचे नाव डॉ. झाकिर हुसैन. ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. गांधीजींनी योजनेचा आराखडा बनवणारी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद याच टीकाकाराकडे दिले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आर्यनायकम् आणि आशादेवी अशी माणसे होती. २ डिसेंबर १९३७ला अहवाल आला. फेब्रुवारी १९३८च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ही योजना स्वीकारली. 'वर्धा योजना', 'बुनियादी तालीम', 'नई तालीम' ही तिचीच नावे.

आपल्या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखल्या गेलेल्या या योजनेचा शिल्पकार एक उर्दूभाषक मुस्लिम शिक्षक होता, ही गोष्ट मुस्लिम मोहल्ल्यांत फारशी कुणाला ठाऊक नसते. बिगरमुस्लिम मित्रांनाही झाकिर हुसैन आठवतात ते राष्ट्रपती म्हणून. मला मात्र ते आठवतात ते माझ्या वर्गातल्या काही मुलांमुळे.

वर्गातले ते तीन-चार जण

मी कारंजा (घाडगे) इथे उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्यासारख्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गात तीन-चार मुले अशी असतात, जी बाकावर टिकत नाहीत. एखाद्याचा पाय सतत हलत असतो. एखादा खिडकीबाहेर बघत असतो. एखाद्याला तोंडी विचारले तर तो अचूक सांगतो, पण फळ्यावरचे वाक्य वहीत उतरवताना अर्धी अक्षरे गाळतो. आपल्याकडे त्यांच्यासाठी ठरलेले शब्द आहेत: ढ, मठ्ठ, कुंदजहन, शैतान.

असाच एक मुलगा मला नीट आठवतो. मराठीचा उतारा वाचायला उठवले की घामाघूम व्हायचा. वजाबाकीत हातचा घेणे त्याला जमत नसे. पण संत्र्याच्या हंगामात तो मामासोबत तोडणीला जायचा आणि किती क्रेट भरले, किती गाडीत चढले, किती उरले, हे तोंडपाठ सांगायचा. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा कसा भरायचा, कोणता डोळा धरेल आणि कोणता वाळेल, हे त्याने मला बांधावर उभे राहून समजावले होते. त्या पाऊण तासात त्याचे लक्ष एकदाही ढळले नव्हते. नववीनंतर त्याने शाळा सोडली.

अशा मुलांविषयी वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार होता, नजर चांगली होती, पण त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत मॉर्गनने नोंदवले आहे. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अतिचंचल, लक्ष न टिकणाऱ्या मुलांवर व्याख्याने दिली. 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा १९६३ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी रुजवली. अक्षरांचा गोंधळ म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्याचा डिसग्राफिया, आकड्यांचा डिस्कॅल्क्युलिया. लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अवस्थेला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. यातल्या कशाचाही अर्थ बुद्धी कमी आहे असा होत नाही.

उर्दू माध्यमातल्या मुलापुढे तर तीन लिप्या एकदम येतात. उर्दू उजवीकडून डावीकडे. मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत बे, पे, ते, से यांचे अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे रूप घेते. जेर-जबर बहुधा लिहिलेच जात नाहीत, वाचणाऱ्याने ते ओळखायचे. मराठीत आल्यावर वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे. ज्याचा मेंदू अक्षर धरायला मुळातच झगडतो, त्याच्यासाठी ही तिहेरी चढण असते.

आणि त्याची तपासणी करायची म्हटली तर? महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. कायदा आपल्या बाजूने आहे. पण तपासणीची साधने मुख्यतः इंग्रजीत. भारतीय भाषांसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची साधने आणली, तेव्हा ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत होती. त्यात उर्दू नव्हती. तालुक्याच्या गावातल्या मजूर बापाने रोज बुडवून प्रमाणपत्रासाठी खेटे घालायचे, हे वेगळेच. आणि प्रमाणपत्र मिळाले तरी त्यातून वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. शिकवण्याची पद्धत तीच राहते.

जर्मनीतली दोन माणसे

मुलाला चार भिंतींबाहेर काढून शिकवण्याचा आधुनिक इतिहास बराचसा जर्मनीतून जातो. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथे पाईनच्या जंगलात एक शाळा उघडली. ती अशक्त, क्षयाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांसाठी होती. उद्देश फुप्फुसांचा होता, पण खुल्या हवेतली शाळा शक्य आहे हे तिने दाखवून दिले आणि तिचे अनुकरण अनेक देशांत झाले. म्युनिकमध्ये गेओर्ग केरशेनस्टायनर कामातून शिकवणाऱ्या शाळेचा आग्रह धरत होते.

याच वातावरणात झाकिर हुसैन १९२२ ते १९२६ बर्लिनमध्ये होते. पदवी अर्थशास्त्राची घेतली, पण मन शिक्षणात रमले. केरशेनस्टायनरचा प्रभाव त्यांनी आयुष्यभर वागवला. भारतात परतले तेव्हा जामिया डबघाईला आली होती. तिथल्या शिक्षकांनी तुटपुंज्या पगारावर ती चालवायची शपथ घेतली आणि झाकिरसाहेब कुलगुरू झाले.

त्याच काळात दक्षिण जर्मनीत कुर्ट हान नावाचा एक ज्यू शिक्षक 'सालेम' ही शाळा चालवत होता. १९२० मध्ये ती सुरू झाली होती. हिटलरच्या विरोधात उघड बोलल्यामुळे १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि नंतर देश सोडावा लागला. त्याने स्कॉटलंडमध्ये १९३४ साली गॉर्डनस्टन शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजे बुडत होती. जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांचे निरीक्षण असे की, वल्ह्यांच्या होडीत थंडीवाऱ्यात सापडल्यावर तरुण खलाशी आधी हार मानतात, वयस्कर तग धरतात. शरीराच्या बळापेक्षा आपण तरून जाऊ हा अनुभवातून आलेला भरवसा कामी येतो. म्हणून १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्ही इथे तरुणांसाठी महिनाभराचे शिबिर सुरू झाले. समुद्र, डोंगर, बचावकार्य. 'आउटवर्ड बाउंड' या जगभर पसरलेल्या चळवळीची ती सुरुवात.

हान काय किंवा झाकिर हुसैन काय, दोघांनीही अध्ययन अक्षमता डोळ्यांपुढे ठेवून काही उभारले नव्हते. त्या मुलांसाठी रानातली शाळा वेगळ्या वाटेने आली. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहराजवळ कॅम्पबेल लॉफमिलर यांनी १९४६ पासून वर्षभर चालणारे शिबिर उभे केले. शाळेने आणि घराने हात टेकलेले मुलगे तिथे दहा-दहाच्या गटात, दोन मार्गदर्शकांसोबत राहत. आपला निवारा आपणच लाकडे तोडून बांधायचा. आठवड्याचा शिधा किती लागेल, त्याचा हिशोब आपणच करायचा. सहल कुठे, किती मैल, वाटेत काय, याची नोंद आपणच लिहायची. म्हणजे गणित होतेच, भाषा होतीच. फक्त ती बाकावर बसून होत नव्हती. भांडण झाले की गट थांबायचा आणि ते मिटेपर्यंत पुढचे काम सुरू व्हायचे नाही. लॉफमिलर यांनी आपले अनुभव १९६५ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. शिकण्यात आणि वागण्यात अडचणी असलेल्या किशोरांसाठी आज परदेशात ज्या साहस-शाळा चालतात, त्यांतल्या अनेकांच्या पद्धतीची बीजे इथे सापडतात.

दिवसाला तीन तास वीस मिनिटे

आता पुन्हा वर्ध्याकडे येऊ. झाकिर हुसैन समितीने सुचवलेले वेळापत्रक बघण्यासारखे आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटे. मातृभाषेला चाळीस मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला तीस. कवायतीला दहा आणि सुट्टीला दहा. म्हणजे सात ते चौदा वयाचे मूल दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ हाताने काहीतरी करत असेल: कापूस वेचणे, पिंजणे, सूत काढणे, विणणे, शेती, सुतारकाम. गणित त्या सुताच्या तारांमध्ये, भूगोल त्या कापसाच्या मातीत.

चंचल मुलाच्या दृष्टीने हे वेळापत्रक वाचा. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त कुठेही त्याला पुस्तकापुढे बसवलेले नाही. प्रत्येक क्रियेचा परिणाम लगेच दिसतो: धागा तुटला की तुटला. चूक दाखवायला मास्तरांची लाल शाई लागत नाही. लक्ष न टिकणाऱ्या मुलांना छोटी कामे, हालचालीला वाव आणि तात्काळ दिसणारे फळ द्यावे, असे आजचे तज्ज्ञ सांगतात. वर्ध्याच्या आराखड्यात हे सगळे होते, जरी त्या मुलांना तेव्हा आपल्याकडे नावही नव्हते.

आणि परिषदेत बोलून दाखवलेला धोका झाकिरसाहेबांनी अहवालातही सोडला नाही. उत्पन्नाच्या नादात शिक्षणाचा आणि संस्कृतीचा हेतू मागे पडेल, मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याकडे शिक्षकाचे लक्ष जाईल, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. हस्तोद्योग साधन आहे, साध्य नाही, हे या माणसाला पहिल्या दिवसापासून दिसत होते.

मुसलमानांनी पाठ का फिरवली?

इतके असूनही ही योजना त्या वेळच्या मुस्लिम समाजाला आपली वाटली नाही. १९३८ मध्ये मुस्लिम लीगने राजा पीरपूर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसी सरकारांविरुद्धच्या तक्रारींचा अहवाल काढला. त्यात वर्धा योजनेवर टीका होती. धार्मिक शिक्षणाला जागा नाही, अहिंसेचे एक विशिष्ट तत्त्वज्ञान मुलांवर लादले जाते, असे आक्षेप होते. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. तिथे रविशंकर शुक्ल यांनी 'विद्या मंदिर' नावाची ग्रामीण शाळांची योजना आणली. मुलांच्या शाळेला 'मंदिर' म्हणायचे, यावरून मुसलमानांत मोठी नाराजी पसरली. वर्धा योजना आणि विद्या मंदिर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पण लोकांच्या मनात त्या एक झाल्या.

यात सगळा दोष मुसलमानांच्या माथी मारणे मला पटत नाही. नाव निवडताना सरकारने अल्पसंख्याकांच्या भावनेचा विचार करायला हवा होता. दुसरीकडे, लीगच्या नेत्यांनी योजनेचा कर्ता आपल्यातलाच एक जाणता शिक्षक आहे, याकडे सोयीस्कर दुर्लक्ष केले. झाकिर हुसैन दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडले. पाठ्यक्रमाचा विचार बाजूला पडला आणि वाद नावांवर, प्रतीकांवर अडकला. आजही आपल्या शाळांविषयीचे वाद बहुधा तिथेच अडकतात.

एक आक्षेप मात्र वजनदार होता आणि तो फक्त मुसलमानांचा नव्हता. कोष्ट्याच्या, मोमिनाच्या, शेतमजुराच्या पोराला शाळेतही सूतच काढायला लावणार असाल, तर त्याने शाळेत यायचे कशाला? वरच्या थरातली मुले इंग्रजी शिकून वकील होणार आणि गरिबांची मुले तकली फिरवणार, ही भीती निराधार नव्हती. स्वातंत्र्यानंतर हेच झाले. ज्यांनी बुनियादी तालमीची भाषणे केली, त्यांनी आपली मुले इंग्रजी शाळांत घातली. बुनियादी शाळा गरिबांची शाळा ठरली. तकलीचा तास यांत्रिक झाला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये 'कार्यानुभव' सुचवला, आणि आपल्या पिढीला त्यातून मिळाली ती कागदाची फुले आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, तीही घरच्यांनी करून दिलेली.

कुरणातली शाळा

महाराष्ट्रात एका ठिकाणी मात्र शाळा खरोखर रानात गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसून बिया, पाने, दगड मोजताहेत. या मुलांना शिकण्यात रस नाही असे सरसकट बोलले जायचे. कोसबाडने ते खोटे ठरवले. मूल शाळेत बसत नसेल तर दर वेळी दोष मुलाचाच असतो असे नाही, शाळेच्या जागेचाही असू शकतो.

आपल्या परंपरेला ही गोष्ट परकी नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांचे बालपण दाई हलीमा यांच्याकडे, वाळवंटातल्या बनू सअद कबिल्यात गेले. प्रत्येक नबीने शेळ्यामेंढ्या राखल्या, या अर्थाची हदीस आपण मकतबमध्ये ऐकतो. तिचा शिक्षणाशी काही संबंध असेल, असा विचार करत नाही. इमाम गझालींनी लिहून ठेवले आहे की, मकतबनंतर मुलाला खेळू द्यावे. सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी बोथट होते. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात 'मुकद्दिमा'मध्ये मुलांशी कठोरपणाविरुद्ध स्वतंत्र प्रकरण लिहिले. मार खाऊन शिकणारे मूल आळशी होते आणि खोटे बोलायला शिकते, असे त्याचे म्हणणे. गझाली आणि इब्न खल्दूनची नावे आपण जलशात अभिमानाने घेतो. वर्गात मात्र 'कुंदजहन' म्हणून पोराच्या पाठीत धपाटा घालणे अजून सुटलेले नाही.

साहस म्हणजे औषध नव्हे

आज 'मुलांना निसर्गात न्या, एडीएचडी बरा होतो' अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. त्यांच्याकडे सावधपणे बघितले पाहिजे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या आंद्रेया फेबर टेलर आणि फ्रान्सेस कुओ यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लक्ष-कमतरता असलेल्या ७ ते १२ वयाच्या १७ मुलांना वीस-वीस मिनिटे तीन ठिकाणी चालवले: बागेत, शहराच्या मध्यवस्तीत आणि निवासी भागात. बागेत चालून आल्यावर मुलांची एकाग्रता अधिक चांगली दिसली. निष्कर्ष आशादायक आहे, पण मुले सतराच होती आणि फरक थोड्या वेळापुरता मोजलेला होता. याने वाचता न येणाऱ्याला वाचता येत नाही. डिस्लेक्सियासाठी ध्वनी आणि अक्षर जोडून, हळूहळू, रोज शिकवावेच लागते. औषधांची गरज असेल तर ती डॉक्टरांनीच ठरवायची.

दुसरी बाजू याहून भयंकर आहे. अमेरिकेत 'बिघडलेल्या' किशोरांना रानात नेऊन सरळ करण्याचा धंदा फोफावला. २००७ मध्ये तिथल्या संसदेच्या तपास यंत्रणेने अशा खासगी कार्यक्रमांत झालेल्या दहा मृत्यूंची छाननी केली. अप्रशिक्षित माणसे, अपुरे अन्न-पाणी, मूल आजारी आहे म्हणून सांगत असताना 'नाटक करतोय' म्हणून केलेले दुर्लक्ष, अशी ती कहाणी आहे. झाकिर हुसैन ज्या मुकादमाला घाबरत होते, तो तिथे वेगळ्या वेषात प्रकटला. आपल्याकडेही फेब्रुवारी २०१६ मध्ये सहलीला गेलेले पुण्याचे विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले, ते आपण विसरू नये. पाण्याच्या आणि कड्याच्या काठावर हौस चालत नाही.

म्हणून साहस-शिक्षणातून घ्यायचे काय, ते नेमके ओळखले पाहिजे. मला तीन गोष्टी दिसतात. एक, जे काम मुलाला जमेल की नाही अशी शंका वाटते, पण प्रयत्न केल्यावर जमते, असे काम. वर्षानुवर्षे नापासाचा शिक्का घेऊन बसलेल्या पोराला 'मला येते' हा अनुभव कुठेतरी मिळायला हवा. दोन, लहान गट. पन्नासच्या वर्गात हरवणारे मूल आठ-दहांच्या गटात सापडते, कारण तिथे त्याच्यावाचून काम अडते. तीन, कामानंतरचे बोलणे आणि लिहिणे. संत्रा तोडणीला जाणारा मुलगा रोजच काम करतो. त्याला आणखी कामाची गरज नाही. त्याला गरज आहे ती त्या कामातले गणित, त्या कामातली भाषा दाखवणाऱ्या उस्तादाची. मजुरी आणि तालीम यांतला फरक तो उस्तादच करतो. तकलीवरचा जुना आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तरही मला इथेच दिसते.

आपल्या जिल्ह्यात काय नाही?

यासाठी हिमालयात जायची किंवा हजारो रुपयांच्या शिबिराची गरज नाही. कारंज्याच्या आसपास टेकड्या आहेत, कार नदीचे धरण आहे, संत्र्याच्या बागा आहेत, गवळाऊ गुरांच्या जातीचा हा मूळ प्रदेश आहे. शेजारी आष्टीला मुहम्मद खान नियाझीच्या मकबऱ्याजवळ मुघलकाळ शिकवता येतो आणि तिथेच १९४२च्या हुतात्म्यांचा इतिहासही. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तिथे मिळणारे गोल दगड कसे बनले याची लोककथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती ऐकवावी आणि मग ज्वालामुखीच्या खडकात असे खडे कसे तयार होतात, तेही सांगावे. मोजपट्टी, दोरी, होकायंत्र आणि वही एवढ्या सामानात भूगोल, भूमिती आणि निबंध होतो. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावे, मित्राने लिहून घ्यावे.

सेवाग्रामला 'आनंद निकेतन' ही शाळा २००५ पासून नई तालीमच्या विचाराने पुन्हा चालू आहे. तिथली मुले शेती करतात, स्वयंपाक करतात, सूत कातातात आणि त्यातून विषय शिकतात. आपल्या उर्दू शाळांच्या शिक्षकांनी एकदा तिथे जाऊन बघावे, असे मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. तो वारसा आपलाही आहे. त्याच्या पहिल्या कागदावर सही झाकिर हुसैन यांची आहे.

आणि मुलींचे काय? खुल्या हवेच्या गप्पा मारताना आपण मुलग्यांचाच विचार करतो. वर्गात शांत बसून स्वप्नात हरवलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिची अडचण कुणाच्या लक्षातच येत नाही. नववीत ती मागे पडली की 'आता घरी बसू दे' हे उत्तर तयार असते. डोंगरावर न्यायचे असेल तर आधी तिला न्यायला हवे. सोबत शिक्षिका असाव्यात, आईवडिलांना वेळापत्रक द्यावे, जमल्यास एखाद्या आईलाही बरोबर घ्यावे. विश्वास असा बांधावा लागतो.

झाकिर हुसैन यांनी लहान मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली. अल्मोड्याच्या अब्बू खाँच्या बकऱ्या दोरी तोडून डोंगरावर पळून जातात आणि लांडगा त्यांना खातो. चांदनी नावाची बकरी मात्र रात्रभर लांडग्याशी झुंजते. गोष्ट संपते तेव्हा जिंकले कोण, हा प्रश्न उरतो. वर्गात ही गोष्ट सांगितली की हुशार मुले म्हणतात, चांदनीने घरीच राहायला हवे होते. मागच्या बाकावरची मुले बहुतेक वेळा चांदनीची बाजू घेतात.

मला या गोष्टीतला अब्बू खाँ जास्त छळतो. त्याचे बकऱ्यांवर प्रेम होते, तो त्यांना चांगले खाऊ घालायचा, आणि त्या पळून जाऊ नयेत म्हणून त्याला सुचायचे ते इतकेच: दोरी आणखी मजबूत करावी, कोठडीचे दार लावावे. डोंगर त्यांना का हाक मारतो, हे त्याने समजून घेतले नाही. स्वतः सोबत जाऊन, दिवसा चारून, संध्याकाळी परत आणण्याचा मार्ग त्याला सुचला नाही. दरवर्षी नववीच्या हजेरीपटातून काही नावे गळतात. वर्ध्याने ज्या माणसाच्या हाती एके काळी देशाच्या शिक्षणाचा आराखडा सोपवला, त्याच्या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तरी या मुलांसाठी दोरीच्या पलीकडचा विचार करायला हवा.